घाम भरपूर, गोळी मोजून

रक्ताच्या रिपोर्टवर साखरेच्या आकड्याशेजारी ‘बॉर्डरलाइन’ असा शेरा आला आणि ‘औषध नको, जरा काळजी घ्या’ एवढंच ऐकून जे घरी परतले, त्या सगळ्यांसाठी हे आवाहन आहे. तो रिपोर्ट विजेच्या बिलांच्या फायलीत लावून विसरू नका. आज रात्रीच बाहेर काढा. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मध्ये आहे का, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ मध्ये आहे का, एवढंच पाहा. असेल तर अजून वेळ आहे, पण तो भराभर संपतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने अशाच, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास केला आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना नेहमीसारखा तोंडी सल्ला देऊन सोडून दिलं होतं, त्यांच्यातले ५५ टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. म्हणजे दोघांतला एक. ज्यांच्याकडून चालणं आणि आहारातला बदल नेटाने करून घेतला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांपर्यंत खाली आलं. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची गोळी दिलेल्यांतही जवळपास तेवढाच फायदा झाला. आणि ज्यांना व्यायामही दिला, गोळीही दिली, त्यांना त्याहून जास्त काही मिळालं नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ मध्ये आला. त्याच्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३.६ कोटी. आपल्या आळीत, सोसायटीत, वाडीत यातली किती माणसं आहेत, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मागणं थोडक्यात असं आहे. उद्यापासून रोज चाला आणि आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना जोर लावायला लावा. बी-१२ आणि डी या दोन जीवनसत्त्वांची उणीव तुमच्यात असण्याचं कारण आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि उणीव निघाली तर ती रीतसर भरून काढा. याखेरीज ‘ताकदीसाठी’ म्हणून ज्या गोळ्या, पावडरी आणि इंजेक्शनं चालू आहेत, ती कोणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी दिली, याचं उत्तर मिळत नसेल तर डॉक्टरांना दाखवून थांबवा.

व्यायाम आणि जीवनसत्त्वं यांच्या जोडीने चयापचय सुधारतो, असं हल्ली जिममध्ये, औषधाच्या दुकानात, मोबाइलवर सगळीकडे ऐकू येतं. जोडी खोटी नाही. पण तिच्यात थोरला कोण आणि धाकटा कोण, हे विकणारे सांगत नाहीत. घाम विकता येत नाही, डबा विकता येतो, हे त्यामागचं साधं कारण.

‘पण मी कुठे जाडा आहे?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर पुण्यातूनच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानाने वजन दोघांचंही झकास. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दिसायला सडसडीत आणि आतून चरबीदार, अशी आपली ठेवण आहे आणि ती जन्मापासूनची आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना याज्ञिकांच्या गटाने इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांमध्ये स्नायू कमी, पोट आणि इंद्रियं लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखलेली.

म्हणून वजनकाटा बाजूला ठेवा आणि शिंप्याकडची टेप घ्या. पोट आत न ओढता, श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर माप घ्या. दक्षिण आशियाई पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आणि बाईची ८० किंवा त्याहून जास्त भरली, तर ती धोक्याची मानतात. पँटचा नंबर ३४ आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पँट आपण पोटाखाली बांधतो. अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली दाखवून दिलं की इन्शुलिनला न जुमानणारं शरीर, वाढलेला रक्तदाब, वाढलेले ट्रायग्लिसराइड्स आणि घटलेलं चांगलं कोलेस्टेरॉल हे सगळं एकाच माणसात जोडीने येतं. त्यांनी आपल्या यादीत पोटाचा घेर धरला नव्हता, तो पुढे आला. आपल्या बाबतीत तोच सगळ्यांत आधी दिसतो.

आता व्यायाम नेमका काय करतो ते पाहू, कारण हे कळलं की करायला माणूस तयार होतो. जेवणातून रक्तात आलेली साखर साठवायचं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. एरवी त्या कोठाराचं दार इन्शुलिन उघडतं. चरबी साचलेल्या, बसून राहिलेल्या शरीरात ते दार इन्शुलिनला दाद देईनासं होतं, आणि स्वादुपिंड आणखी इन्शुलिन ओतत राहतं. व्यायामात मात्र स्नायू आकुंचन पावतो तेव्हा साखर आत ओढून घेणारी प्रथिनं इन्शुलिनची वाट न पाहता पेशीच्या कडेवर येतात. म्हणजे इन्शुलिन निष्प्रभ झालेल्या माणसाच्याही रक्तातली साखर चालताना कमी होते. हा परिणाम एकदा केलेल्या व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. ‘रविवारी सिंहगड चढतो, मग आठवडाभर सुट्टी’ हा हिशेब इथेच चुकतो. गड चढा जरूर, पण सोमवार ते शनिवार शरीराचं देणं राहतंच.

किती करायचं? अमेरिकेत ३,२३४ जणांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि वजनात ७ टक्के घट, एवढंच उद्दिष्ट ठेवलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. चीनमधल्या दाछिंग शहरात १९८६ साली अशाच उंबरठ्यावरच्या लोकांना सहा वर्षं आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला होता. तीस वर्षांनी त्याच लोकांचा मागोवा घेतला तेव्हा मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षं लांबलेला आणि हृदयविकार, पक्षाघात यांसारखे आजार २६ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. सहा वर्षांचा घाम तीस वर्षं पुरला. आजवर कुठल्याही जीवनसत्त्वाच्या गोळीने असा हिशेब दाखवलेला नाही.

१५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. चाल अशी हवी की सोबतच्याशी बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. कट्ट्यावरच्या गप्पांच्या वेगाने चाललात तर तो फेरफटका झाला, व्यायाम नव्हे. ज्यांना सलग अर्धा तास मिळत नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे शतपावली आहेच, फक्त ती शंभर पावलांवर थांबवू नका, एका मिनिटात संपते ती. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. साखरेचा धोका असलेल्या साठीपुढच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तिन्ही जेवणांनंतरची पंधरा-पंधरा मिनिटं ही दिवसभराच्या साखरेवर सकाळच्या सलग पंचेचाळीस मिनिटांच्या तोडीची ठरली, आणि रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेवर तर तीच सरस. आपलं सर्वांत मोठं जेवण रात्री नऊला आणि त्यानंतर मालिका, हे गणित बदलायला पैसे लागत नाहीत.

चालण्याइतकंच महत्त्वाचं, आणि आपण जवळजवळ सोडूनच दिलेलं, म्हणजे जोर लावण्याचं काम. चाळिशीनंतर दरवर्षी स्नायू थोडे थोडे झडतात, आणि आपण मुळात कमी भांडवलावर आलेलो. तालमीत जायची गरज नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, बैठका, भिंतीला हात लावून जोर, दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या उचलणं, गुडघे चांगले असतील तर सूर्यनमस्कार. आठवड्यातून दोन दिवस, दम लागेपर्यंत. साठीच्या बाईने हे कसं करायचं, असं विचारणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की खरी गरज तिलाच आहे. ‘घरातच एवढं काम असतं, वेगळा व्यायाम कशाला’ असं तिला सांगणारे घरातले पुरुष बहुतेक वेळा बसून सांगतात. खाली बसून फरशी पुसणं, पाण्याच्या कळशा वाहणं हा व्यायाम आहे. गॅसच्या ओट्यापाशी चार तास उभं राहणं हा फक्त थकवा आहे. २०२२ सालच्या आकड्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी काढलेल्या अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचं प्रमाण बायकांत ५७ टक्के आहे आणि पुरुषांत ४२. तिच्यासाठी संध्याकाळचा अर्धा तास मोकळा करणं, म्हणजे त्या वेळेत घरातल्या दुसऱ्या कुणीतरी कुकर लावणं, हा या आवाहनाचा भाग आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, कळतं हो सगळं, पण उठवतच नाही. चार पायऱ्या चढलं की दम लागतो, मांड्या भरून येतात, खाली बसलं की हाताला धरून उठवावं लागतं. हे ऐकलं की घरचे ‘आळस’ म्हणतात, शेजारी ‘वय’ म्हणतात. जीवनसत्त्वांचं खरं काम इथे आहे. बी-१२ नसेल तर रक्त नीट बनत नाही आणि नसांचं आवरण झिजतं. मग थकवा, पायाला मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा. डी फार कमी असेल तर मांड्यांचे आणि कमरेचे मोठे स्नायू दुबळे होतात, नेमके तेच, ज्यांच्यावर चढणं-उठणं अवलंबून असतं. अशा माणसाला ‘चाला’ म्हणून सांगणं म्हणजे चेष्टाच. उणीव भरली की अंग साथ द्यायला लागतं आणि मग व्यायाम आपलं काम करतो. जोडीचा अर्थ एवढाच आहे, आणि एवढा पुरेसाही आहे. जीवनसत्त्व माणसाला चालण्याजोगं करतं, साखर उतरवतं ते चालणं. बायकांच्या बाबतीत लोहाचीही भर घाला. ते जीवनसत्त्व नव्हे, पण राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला कुठलाही व्यायाम झेपणार नाही.

बी-१२ची गोष्ट आपल्या घरची आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. दोनतृतीयांशाच्या आसपास मातांमध्ये बी-१२ कमी होतं. त्यातही ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्शुलिनला विरोध सर्वाधिक दिसला. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. यावरून कुणी गरोदरपणातलं फोलिक अॅसिड बंद करू नये. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते लागतंच. पण फोलिक अॅसिड देणाऱ्याने बी-१२ची चौकशी केली पाहिजे, कारण नुसतं फोलिक अॅसिड रक्ताचा आकडा सुधारून दाखवतं आणि नसांची झीज मात्र गुपचूप चालू राहते.

वनस्पतीत बी-१२ नसतं. पालकात नाही, बिटात नाही, मोड आलेल्या मटकीत नाही. ते दूध-दह्यात थोडं, अंड्यात, मासळीत आणि मटणात चांगलं असतं. कोकणात ज्या तिसऱ्या आणि कालवं स्वस्तात खाल्ली जातात, ती तर या बाबतीत श्रीमंत. शाकाहारी माणसाने ‘आम्ही दूध घेतो की’ म्हणताना ते किती घेतो हे आठवावं. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं, म्हणजे साधारण अर्धा लिटर दूध. चहात पडणारं दूध त्यात मोजू नका.

आणि दोन प्रकारच्या माणसांनी तर या आठवड्यातच डॉक्टरांना गाठावं. एक, जे वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत आहेत. हे औषध उत्तम आहे, ते आपल्या मनाने सोडायचं नाही. पण ते आतड्यातलं बी-१२चं शोषण कमी करतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ साली ही उणीव मेटफॉर्मिनच्या नेहमी आढळणाऱ्या दुष्परिणामांत मोडते, असं जाहीर केलं. पायाला मुंग्या आल्या की आपण ‘शुगरमुळे’ म्हणून मोकळे होतो. त्या बी-१२मुळेही असू शकतात, आणि वेळीच ओळखल्या तर बऱ्याही होतात. दुसरे, जे पित्ताची गोळी रोज घेतात. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही नावं पाकिटावर शोधा. दोन वर्षांहून अधिक काळ ती घेणाऱ्यांत बी-१२ घटलेलं जास्त आढळतं. ज्यांना मेटफॉर्मिनही आहे, पित्ताची गोळीही आहे आणि जे शाकाहारीही आहेत, त्यांनी दुसऱ्या कुणाच्या सल्ल्याची वाट पाहू नये.

तपासणी गोळी सुरू करण्याआधी करा. आधी गोळ्या खाऊन मग रक्त दिलं तर आकडा चांगला येतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. उणीव निघाली तर बहुतेकांना तोंडाने घ्यायची गोळी पुरते, मात्रा मोठी असेल तर शोषण कमी असलेल्या आतड्यातूनही थोडं झिरपतंच. नसांवर परिणाम झाला असेल तर इंजेक्शन लागतं, ते डॉक्टर ठरवतील. सलाइनमधून लाल-पिवळं काहीतरी चढवून घेण्याची जी हौस गावोगाव आहे, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

डीचं काय? भरपूर उन्हाच्या देशात ही उणीव कशी, असं सगळे विचारतात. ज्या किरणांमुळे कातडीत डी तयार होतं ते सूर्य वर असताना मिळतात, ढोबळ मानाने आपली सावली आपल्याहून छोटी असते तेव्हा. पहाटे साडेपाचला स्वेटर-कानटोपी घालून फिरणाऱ्या मंडळींना व्यायामाचा सगळा फायदा होतो, डीचा काहीच नाही. दुपारी अकरानंतर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसणं हा स्वस्त उपाय आहे. उन्हाळ्यात विदर्भात तो करू नका. पावसाळ्यात कोकणात तो करताच येत नाही.

पण डीची गोळी मधुमेह टाळते का? अमेरिकेत २,४२३ लोकांना रोज ४,००० युनिट डी किंवा डी नसलेली नुसती गोळी देऊन अडीच वर्षं पाहिलं. २०१९ साली निकाल आला. डी घेणाऱ्यांत २४.२ टक्के लोकांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांत २६.७ टक्के. फरक इतका थोडा की तो योगायोगाचाही असू शकतो. पुढे अशा तीन प्रयोगांची आकडेवारी एकत्र केल्यावर धोका सुमारे १५ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. या सगळ्याचा विचार करून अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ साली सांगितलं की ज्यांच्यात मधुमेहाचा धोका मोठा आहे अशा उंबरठ्यावरच्या लोकांना डी द्यायला हरकत नाही, पण आहार-व्यायामाच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नाही. त्याच शिफारशीत निरोगी माणसांनी उगाच डीची तपासणी करत बसू नये, असंही आहे. लॅबच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजवाल्यांना हे आवडणार नाही.

आणि एक धोक्याची सूचना. डीची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेतली, किंवा शेजारणीची उरलेली महिनोन्‌महिने चालू ठेवली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण, आणि शेवटी मूत्रपिंडावर घाव. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठून राहतं.

बाकीच्या गोळ्यांविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवं. व्यायाम करणाऱ्या तरुणांना जिममध्ये हमखास सी आणि ई दिलं जातं, ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून. जर्मनीत मायकेल रिस्टो यांच्या गटाने सुमारे चाळीस निरोगी तरुणांकडून चार आठवडे कसून व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांचं शरीर इन्शुलिनला चांगलं दाद देऊ लागलं. ज्यांनी घेतल्या त्यांचा तो फायदा गेला. हा अभ्यास २००९ सालचा. व्यायामात जे थोडे घातक रेणू तयार होतात तेच स्नायूला सुधारायचा निरोप देतात आणि गोळ्यांनी तो निरोपच पुसला गेला, असा त्यांचा अर्थ. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका स्वच्छ निकाल आलेला नाही, हे खरं. पण ज्या गोळीचा फायदा सिद्ध नाही आणि तोट्याची शंका आहे, ती पैसे मोजून का घ्यायची? आवळा, पेरू, कैरी, लिंबू खा, त्यांना कुणाची मनाई नाही.

जास्त म्हणजे चांगलं, या समजुतीची किंमत वैद्यकाने मोजलेली आहे. नायसिन म्हणजे बी-३ मोठ्या मात्रेत दिलं की कोलेस्टेरॉलचे आकडे सुधारतात, हे १९५५ पासून माहीत होतं. म्हणून ते वर्षानुवर्षं दिलं गेलं. मग २५,६७३ रुग्णांवर प्रयोग झाला आणि २०१४ साली कळलं की आकडे सुधारूनही हृदयविकार काही टळला नाही, उलट मधुमेहींची साखर बिघडली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात, म्हणजे मुंग्यांवर घेतलेल्या गोळीने मुंग्या. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयाच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. रक्त देण्याआधी लॅबवाल्याला ते सांगा.

हे आवाहन फक्त रुग्णांना नाही. डॉक्टर मंडळींनी ‘काळजी घ्या’ऐवजी चिठ्ठीवर औषधासारखंच लिहावं: जेवणानंतर १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. मेटफॉर्मिनच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर बी-१२ची तारीख असावी. औषधविक्रेत्यांनी डीच्या पुडीवर ‘आठवड्याला एक’ हे मराठीत, ठळक लिहून द्यावं. कंपनीने छापलेलं बारीक इंग्रजी आजींना वाचता येत नाही. सोसायट्यांनी पार्किंगचा एक पट्टा रात्री नऊ ते दहा गाड्यांविना ठेवावा. ग्रामपंचायतींनी शाळेच्या मैदानाचं फाटक संध्याकाळी बायकांसाठी उघडावं आणि तिथला दिवा चालू आहे ना, हे पाहावं. बचत गटांच्या बैठकीनंतर अर्धा तास चालणं लावून घेतलं तर त्याला ठरावही लागणार नाही.

सुरुवात करण्याआधी काही जणांनी डॉक्टरांना विचारायलाच हवं. चालताना छातीत दाब येतो, हात किंवा जबडा दुखतो असे लोक, पायाला जखम असलेले किंवा तळपाय बधिर झालेले, आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे. या शेवटच्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते. खिशात साखरेच्या चार पुड्या किंवा गोड गोळ्या ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला की आधी साखर तोंडात, मग घर. बधिर पाय असलेल्यांनी देवळातही अनवाणी प्रदक्षिणा घालू नये, आणि रोज रात्री तळवे आरशात किंवा घरच्या माणसाकडून पाहून घ्यावेत.

ज्यांना वाचता येत नाही, किंवा ज्यांचा चष्मा कायम हरवलेला असतो, त्यांना हे कुणीतरी वाचून दाखवा. त्यांची औषधांची पिशवी पलंगावर उलटी करा. प्रत्येक पाकीट कशासाठी आहे ते त्यांना विचारा, आणि ज्याचं उत्तर मिळालं नाही ते वेगळं काढून येत्या सोमवारी डॉक्टरांकडे घेऊन जा. जाताना दवाखान्यापर्यंत शक्य असेल तर चालत जा.